ओटीत गेलेला पासवर्ड

हॅलो?… व्हय, साधनाच बोलून राहिले… कोण, पुनम? साखऱ्याहून? बोल गं बाई, पण जरा झटक्यात बोल…

न्हाई न्हाई, रागावले न्हाई. मी कधी रागावते का? घाईत आहे इतकंच. एक वीस झालेत आणि दोनला सगळं बंद होणार…

दुकान न्हाई, दुकान उघडंच आहे… मौन तर दोनला आहेच, रोजचंच आहे ते, दोन ते तीन. पण आज त्याच्याआधी एक मोठं काम अडलंय…

कोणी विचारायला सांगितलंय? तुझ्या सासूबाईंनी? शालूमावशींनी?… कसलं व्रत?… अगं ऐक ना, मावशींचं आपण मग निवांत बघू. आधी माझं ऐकून घे, न्हाईतर मी इथंच रडायला लागेन. उपासाच्या दिवशी रडू नये म्हणून सकाळपासून धीर धरलाय.

हां. तर ऐक. नांदेडच्या एका महिला संस्थेनं आमच्या गटाकडं हळदीकुंकवाच्या पाचशे पुड्या मागितल्यात. संक्रांतीच्या वाणाला… व्हय, पाचशे. औंढ्याच्या बाहेरून आलेली पहिलीच ऑर्डर. मंदिराच्या रस्त्यावर यात्रेकरूंना दहा-दहा पुड्या विकणाऱ्या आमी चार बायका, आमचं नाव नांदेडला कुणी घेतलं याच्यावर मिनाचा अजून विश्वास बसून न्हाई राहिला… मिना गं, तांड्यावरून येते ती. पुड्यांना सील मारते. इथंच आहे, तुला रामराम म्हणून राहिली.

तर ती ऑर्डर लॅपटॉपमध्ये आलीय, बचत गटांच्या पोर्टलवर. तिच्याखाली एक हिरवं बटण असतं, ‘स्वीकारा’ म्हणून. ते आज दोनच्या आत दाबायचं. न्हाई दाबलं तर ऑर्डर पुढच्या गटाला जाते, आपोआप. पुढचा गट कोणता ते विचारू नको. उपासाला कुणाचं वाईट बोलत न्हाई मी.

अगं दाबलं असतं की. दाबायला आधी आत जावं लागतं. आत जायला पासवर्ड…

विसरले न्हाई. पाठच कधी केला नव्हता. ब्राउझरच आठवण ठेवायचा ना. पान उघडलं की त्या जागी काळे ठिपके आपले भरून यायचे, जशी ताटाभोवती रांगोळी. मला वाटायचं ही सगळी नागनाथाची कृपा.

काय झालं म्हणजे? सफाई केली… संक्रांतीची गं. भिंती झाडल्या, डबे घासले, देवघरातली भांडी चिंचेनं लख्ख केली. मग वाटलं, लॅपटॉपनं काय पाप केलंय. त्याच्यात उघडी पानंच त्रेसष्ट होती… अगं, नागनाथाच्या दर्शनाचं पान बंद करायचं म्हणजे देवासमोर दार लावून घेतल्यासारखं वाटतं. रोज एक नवं उघडायचं आणि जुनं बंद करायला हात होत नव्हता. ओमप्रकाश सर हसले होते मला. ते तहसीलच्या हॉलमध्ये बचत गटांच्या बायकांना कॉम्प्युटर शिकवायला यायचे ना, ते. त्यांनी ब्राउझरला एक सोय बसवून दिली, वापरात नसलेली पानं ती आपोआप झोपवते. देवाची शेजारती असते ना, तसंच. कोणतं पान झोपवायचं न्हाई ते बी सांगता येतं तिला. म्हणून फक्त नागनाथ जागे आणि बाकी सगळे झोपलेले, असं आमचं बरं चाललं होतं.

मग काल काय सुचलं मला. ‘सगळं साफ करा’ असं कुठंतरी लिहिलेलं दिसलं. मी म्हटलं, बघा, यांनाबी संक्रांत कळते. केलं साफ… व्हय. पासवर्डसकट.

दोनदा टाकून बघितला. शब्द आठवतात, कोणता आधी आणि कोणता मागं ते आठवत न्हाई. दोनदा चूक दाखवली. आता एकदाच उरलंय, तिसऱ्यांदा चुकलं की चोवीस तास दार बंद. ते मला माहीत आहे, मीच लिहून ठेवलंय…

‘पासवर्ड विसरलात’ दाबून बघितलं ना. ते म्हणतं मेलवर चिठ्ठी पाठवली. आणि मेलचा पासवर्ड? तोबी साफ. दोन्हींना एकच ठेवलेला, आणि तो एकाच जागी लिहिलेला.

कुठं काय, पोथीत… मार्गशीर्षातल्या गुरुवारची माझी महालक्ष्मीची पोथी न्हाई का, तिच्यात. सर म्हणाले होते, कागदावर लिहू नका. मी मनात म्हटलं, पोथीला हात लावायचा तर आधी आंघोळ करावी लागते. चोराला कुठं तेवढी सवड.

न्हाई ना देवघरात. तीच तर गंमत झाली. आज सकाळी आंघोळ करून पोथी काढली तर करकरीत नवी. पानं अजून एकमेकींना चिकटलेली. अगं, उद्यापनाला सात सवाष्णींना द्यायला सात नव्या आणल्या होत्या ना मी? त्या दिवशी माझी शेवटची कहाणी वाचून झाली, पोथी पाटावर ठेवली, शेजारी त्या सातींचा गठ्ठा. मग तुमच्या ओट्या भरायची घाई. केळं, खण, पोथी. केळं, खण, पोथी. त्यात माझी गेली कुणाच्या तरी ओटीत आणि नवी एक राहिली घरी.

अगं असं कसं फोन करून विचारू? उद्यापनाला ओटीत घातलेलं परत मागायचं? चौदा वर्षांचे गुरुवार आहेत माझे, पुनम. हेबी म्हणाले, तुला जमत न्हाई तर मी मागतो. म्हटलं, तुमी मागितलं म्हणजे मीच मागितलं. दुकानातून हाकलून दिलं त्यांना, हळूच.

आणि हे बघ, त्या सातींत तूबी होतीस. तर हे मी तुला विचारून न्हाई राहिले. नुसतं सांगून राहिले. विचारलं न्हाई, हे ध्यानात ठेव.

झालं माझं. आता एक अठ्ठावीस. बोल, मावशींचं काय म्हणणं आहे?…

मंत्र? कोणता मंत्र?… अगं त्या पोथीत मंत्र कुठाय. कहाणी आहे, आरती आहे, मागं छापखान्याची जाहिरात आहे…

शेवटच्या कोऱ्या पानावर?

हातानं लिहिलेला?

निळ्या पेनानं?…

पुनम, थांब. मला खाली बसू दे. मिना, तो स्टूल इकडं दे गं…

हां. मी काही विचारत न्हाई. तूच आपणहून सांगून राहिलीस, बराबर? सांग मग. मंत्राखाली काय लिहिलंय?… नियम?… ‘कुणालाही सांगू नये.’ व्हय… ‘एकच सगळीकडे वापरू नये.’ व्हय गं बाई… ‘दर नव्वद दिवसांनी बदलावा.’… ‘तीनदा चुकल्यास चोवीस तास बंद.’…

न्हाई, रडून न्हाई राहिले. हसून राहिले. अगं ते नियम ओमप्रकाश सरांचे आहेत… कोणते महाराज? कुठले महाराज गं, सर आहेत ते, शर्टपँट घालतात…

मावशी रोज म्हणतात? पहाटे? बापरे. किती वेळा?… अकरा. कशासाठी?… गुडघ्यासाठी. फक्त उजव्या? काहून?… ‘एकच सगळीकडे वापरू नये’ म्हणून… आणि डाव्याला?… डाव्याला बामच. अगं बाई, मिना, पाणी दे गं… न्हाई, आज निर्जळी उपास आहे, नको देऊ. राहू दे. मी हसून घेते नुसती.

दुखणं उतरलं? खरंच? मारुतीच्या पायऱ्या चढल्या? एकट्या?… नागनाथा.

मग विचारायचं काय आहे त्यांना?… काल म्हणताना दोनदा चुकल्या. व्हय. आणि आता तिसऱ्यांदा चुकलं तर पाय चोवीस तास बंद पडेल म्हणून सकाळपासून म्हटलाच न्हाई… त्यांना सांग, त्या आणि मी आज एकाच घाटावर उभ्या आहोत. माझंबी दोनदा चुकलंय आणि एकदाच राहिलंय.

न्हाई, पाठवू नको. अजिबात पाठवू नको पोथी. ओटीतलं परत घेणार न्हाई मी. पण तू तिकडं वाचलंस आणि ते माझ्या कानावर पडलं, तर त्यात घेतलं कुठं? कान तर उघडेच असतात माणसाचे. वाच तू आपली. एक चौतीस झाले…

तुला माहीत न्हाई? म्हणजे? तू वाचला न्हाई?… वाचू दिला न्हाई? ‘कुणालाही सांगू नये’… सख्ख्या सुनेलाबी न्हाई… पोथी कुठं असते?… कमरेच्या चंचीत? झोपताना पण?

पुनम, ओमप्रकाश सरांनी चाळीस बायकांना तीन दिवस शिकवलं. त्यातल्या एकीनंबी एवढं पाळलं नसेल. मी तर पहिल्याच दिवशी लिहून ठेवला. तुझी सासू म्हणजे…

दे, दे त्यांच्याकडं फोन. मी बोलते…

मावशी, नमस्कार करते. साधना… व्हय, औंढ्याची… बरी आहे. तुमचा गुडघा ऐकला, लई आनंद झाला… व्हय, पोथी माझ्याकडूनच आली… मावशी, एक मागणं होतं. न्हाई, मागणं न्हाई. मागत न्हाई मी. एक सांगणं होतं. त्या पानावर जे लिहिलंय ते मला जरा ऐकायचं होतं…

व्हय, तसंच लिहिलंय. कुणालाही सांगू नये… मीच लिहिलंय ते मावशी… मी न्हाई म्हणजे? माझंच अक्षर आहे…

बरं. आवाज माझ्यासारखा असला म्हणून मी साधनाच कशावरून. बराबर आहे. पुनमनं नंबर लावला तरी? बरं. मग खूण विचारा. काय विचाराल ते सांगते.

आरतीच्या पानावर काय आहे?… हळदीचा अंगठा. माझाच. खालच्या कोपऱ्यात, निरांजनाच्या चित्राजवळ… पटलं?

आणखी एक? विचारा… पोथीत काय ठेवलंय… बेलाचं पान. वाळलेलं. दोनच दळं राहिलीत त्याची, तिसरं गळालं. ते गळालेलंबी तिथंच असेल बघा, कहाणीच्या सुरवातीला… आहे ना? मावशी, सर याला दोनदा खात्री करणं म्हणतात. तुमी न शिकता करून राहिलात.

आता सांगता?… का न्हाई?… मंत्र कशाला पाहिजे म्हणता.

मावशी, मी खोटं बोलत न्हाई, हा माझा नेम तुमाला ठाऊक आहे. म्हणून खरं सांगते, आणि तुमी रागावू नका. मी लिहिलं तेव्हा तो मंत्र नव्हता. कुलपाची किल्ली होती. कॉम्प्युटरला कुलूप असतं, त्याची. सर म्हणाले, चार शब्द असे घ्या की ज्यांचा एकमेकांशी काही संबंध न्हाई, म्हणजे कुणाला ओळखू येणार न्हाई. तर मी घरात आणि दारात जे दिसलं ते घेतलं…

हॅलो? मावशी?… ठेवू नका फोन…

गुडघा? गुडघ्याचं मी काय सांगू. तो बरा झाला हे तर खरं आहे, पायऱ्या तुमीच चढलात. मी किल्ली म्हणून लिहिली आणि तुमी श्रद्धेनं म्हटली. तुमच्याकडं जाऊन तिचं काय झालं ते नागनाथाला माहीत. मला एवढंच कळतं की तुमचा पाय तिनं मोकळा झाला, आणि माझं दारबी तिच्यावाचून उघडत न्हाई. दार न्हाई उघडलं तर चार बायकांनी दळलेली हळद डब्यातच राहते. तांड्यावरच्या मिनानं तर आतापासून पाचशे पिशव्या मोजून ठेवल्यात…

एक बेचाळीस झाले मावशी. घाई न्हाई करत, नुसतं सांगते…

कानात सांगणार? सांगा. मिनाला बाहेर पाठवू? बरं. मिना, जरा बाहेर बस गं उन्हात. हे मावशींचं म्हणणं आहे. पुनमलाबी परसात घालवलंत? बरं केलंत…

हां. ऐकून राहिले. सावकाश सांगा. टायपायला एका बोटानंच येतं मला.

समई… हां… टमटम. टमटम दुसरा होता, बघा. मी मोर आधी घेत होते. समई, टमटम… मोर… उखळ. आणि आकडा?… एकवीस. समई टमटम मोर उखळ एकवीस. बराबर?… पुन्हा म्हणते, चूक असेल तर थांबवा. समई, टमटम, मोर, उखळ, एकवीस.

दाबू?… हात जोडा मावशी. एकदाच आहे…

फिरून राहिलं. गोल गोल फिरून राहिलं… आमच्याकडं नेट असंच आहे, औंढ्यात बी यात्रा असली की…

उघडलं.

मावशी, उघडलं. मिना, ये गं आत, उघडलं… हां, हिरवं बटण. दाबलं… थांबा, आता मोबाइलवर चार आकडे येतात म्हणे. मोबाइल तर कानालाच आहे… आले. हे न्हाई सांगणार तुमाला, सांगितलं तर पाप लागतं… टाकले. ‘ऑर्डर स्वीकारली.’ मिना, वाच. मोठ्यानं वाच… ती वाचून न्हाई राहिली, ती नाचून राहिली मावशी. बरण्या पडतील.

कोण हसतंय तिकडं?…

मावशी? तुमच्यामागं कोण आहे?… पुनम, तू कधी आलीस फोनवर?… काय? स्पीकर?… काहून?… त्यांना कमी ऐकू येतं म्हणून पहिल्यापासून स्पीकरवर होता? अंगणात कोण कोण आहे?… तूर निवडायला? किती जणी?… नऊ…

म्हणजे मावशींनी माझ्या कानात हळूच सांगितला आणि मी अख्ख्या अंगणाला ओरडून सांगितला. दोनदा.

मावशी काय म्हणून राहिल्या? ऐकव… ‘मी तीन आठवडे जपला अन् तू एका घटकेत वाटलास.’ खरं आहे. त्यांच्या पाया पडते म्हणावं. मी कधी मोठ्यानं बोलत न्हाई गं, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत माझा आवाज जात न्हाई असं हे म्हणतात, आणि आज नेमका…

हा कसला आवाज येऊन राहिला?… म्हणायला लागल्या? सगळ्या?… धुरपताबाई म्हशीसाठी? म्हैस पान्हा चोरते म्हणून… अगं थांबव त्यांना. न्हाई, थांबवू नको. म्हणू दे. म्हशीला काही नुकसान तर न्हाई त्याच्यानं. पण माझं कुलूप बदलावं लागेल, आत्ताच्या आत्ता. साखऱ्याच्या नऊ बायकांना माहीत म्हणजे रात्रीपर्यंत सेनगाव तालुक्याला माहीत.

एक एक्कावन्न. धर फोन, ठेवू नको, मला एकटीला भीती वाटते… ‘पासवर्ड बदला.’ हां. जुना टाकला. नवा कोणता ठेवू… तीळ घेऊ का? तीळ…

कोण म्हणालं ‘तीळ’? मागून कोण म्हणालं?… अगं स्पीकर बंद केला न्हाई अजून? कर आधी. त्यांना सांग, हा नवा मंत्र न्हाई, माझी बडबड होती… धुरपताबाईंना जुनाच म्हणू दे, म्हशीला एकच पुरे.

तीळ गेला. आता बोलतच न्हाई. टायपून राहिले…

हां…

हां, हां… आहे मी. शब्द शोधून राहिले. दुकानात जे दिसतं ते घ्यायचं न्हाई आता, मिनाला सगळं ओळखू येतं…

झाला. मेलचाबी बदलला. आता दोन्ही वेगळे… न्हाई, या पोथीत न्हाई लिहिणार, पोथी कोरीच राहू दे. आता ब्राउझरच्या त्या कुलूपबंद डब्यात ठेवले. सरांनी दाखवला होता तो, मी ऐकलं नव्हतं. डब्यात सगळे पासवर्ड राहतात, त्या डब्याची एकच मोठी किल्ली आपण ध्यानात ठेवायची. कुठं लिहायची न्हाई, कुणाला द्यायची न्हाई.

पुन्हा मावशी? दे… बोला मावशी. काय वाटून राहिलं?… मन खट्टू नका करू. सगळ्यांना कळला म्हणून मंत्राचा गुण गेला असं कसं?… आता तो तुमचा राहिला न्हाई म्हणता? न्हाई मावशी. मी आत्ताच सोडला तो. ओटीत घातलं ते दिलं, पोथी दिली, त्यात शेवटचं पानबी आलंच. आजवर आपल्या दोघींचा होता, तेच चुकीचं होतं. आता माझ्या कोणत्याच कुलपाला तो लागत न्हाई. सगळा तुमचा.

नव्वद दिवसांनी बदलायचा? तुमी नका बदलू. गुडघा चालतोय तोवर तोच ठेवा… डाव्यालाबी? लावा की. तुमचाच आहे, तुमी नियम करा.

आणि मावशी, संक्रांतीला तुमच्या अंगणातल्या नऊ जणींना नऊ पुड्या पाठवते. पाचशेच्या वर. त्या मात्र मी आपणहून देऊन राहिले…

हां पुनम, बोल… अठ्ठावन्न झाले. मिनानं माळ आणून ठेवली समोर, तिला बरोबर कळतं.

नवी किल्ली विसरले तर? न्हाई विसरणार. आता मौनाला बसते आणि तीच म्हणते, एकशे आठदा. तुझ्या सासूकडूनच शिकले… व्हय, हसू नको. देवाला चालतं. एक तास सगळा माझाच आहे…

न्हाई सांगणार. तुला बी न्हाई. तू माझी लाडकी असलीस तरी न्हाई… पहिलं अक्षर बी न्हाई…

कशी म्हणणार म्हणून काय विचारतेस, मनातल्या मनात. ओठसुद्धा हलवणार न्हाई. मिना समोरच बसलीय, आणि डोळे मोठे करून माझ्या तोंडाकडं बघून राहिलीय.

वाजले दोन. ठेव गं.